झाप्यावरचा मॅगपाय

रविवार, रात्री

कपाट आवरताना आज जुन्या दिनदर्शिकेचे एक पान सापडले. त्यावर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे ‘मॅगपाय’ हे, त्या नावाच्या पक्ष्याचे चित्र होते. भाचीने ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “मावशी, यात पक्षी कुठे आहे गं?”

प्रश्न रास्तच होता. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असलेले मूळ चित्र ८९ × १३० सेंटिमीटरचे आहे, आणि त्याचा बहुतेक भाग फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या एत्रता गावाजवळच्या बर्फाने व्यापला आहे. काटक्यांच्या कुंपणाला डावीकडे जो झापा, म्हणजे फाटक आहे, त्यावर बसलेला काळा-पांढरा पक्षी म्हणजे जेमतेम चार-दोन फटकारे. तो कावळ्याच्या कुळातला. आपला टकाचोर त्याचा भाऊबंद, आणि चोर म्हणून बदनामीही दोघांच्या वाट्याला सारखीच आलेली.

मला मात्र या चित्रात आधी सावल्या दिसतात. ऊन कुंपणामागून येत असल्यामुळे सावली आपल्या दिशेने पडते, आणि ती काळी किंवा तपकिरी नसून चक्क निळसर आहे. बर्फ कधीच न पाहिलेल्या मला पूर्वी हा रंग म्हणजे चित्रकाराची लहर वाटे. वास्तविक, थेट ऊन जिथे पोहोचत नाही तिथल्या पांढऱ्यावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, इतके साधे कारण त्यामागे आहे. गच्चीत वाळत घातलेल्या चादरीवरही ते पाहता येते. १८६९ साली पॅरिसच्या सालों प्रदर्शनाने हे चित्र नाकारले, पण त्या परीक्षकांना हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

पक्ष्याचे काय, हे मात्र दुपारभर मनात घोळत राहिले. त्याच सुमारास ल हाव्र शहरातल्या एका पत्रकाराने मोनेला बर्फात चित्र काढताना पाहिले होते: अंगावर तीन ओव्हरकोट, हातमोजे, गारठलेला चेहरा आणि जवळ लहानशी शेगडी. एवढ्या सरंजामासमोर मॅगपाय निवांत बसून राहिला असेल, हे मला पटत नाही. तो बहुधा आठवणीतून उतरला असावा. तरीही तो तिथे बसला आहे, याचा अर्थ चित्रात कुंपणामागे दिसणाऱ्या घरातून अजून कोणी बाहेर पडलेले नाही आणि झाप्याला कोणाचा हात लागलेला नाही, असा मी घेते.

भाचीला हे सांगितले, तर ती म्हणाली, “मग तो चित्र काढणारा शिंकला असता तर?”

हे मला सुचले नव्हते. पान ती घरी घेऊन गेली.