शिवा दोरी ओढतो तेव्हा

जळगावला फुले मार्केटजवळ भज्यांचा वास आला की आमचा कुत्रा शिवा दोरी ताणतो. ताणली की मी जागच्या जागी थांबते. ओरडणं नाही, हिसका नाही. दोरी सैल सोडून त्यानं वळून पाहिलं, की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा आणि पुढे चालणं. बक्षीस उशिरा दिलं तर ते कशाचं, हे त्याला कळतच नाही.

दहा महिन्यांचा लॅब्राडोर म्हणजे वयात आलेलं पोर, शिकलेलं विसरणारच. पण आबांना डोळ्यांनी दिसत नाही. दोरी त्यांच्या हाती असेल तेव्हा एक झटकाही चालणार नाही. म्हणून शेजाऱ्यांनाही विनवते, ‘काका, त्यानं उडी मारली तर पाठ फिरवा, लाड नको.’ हे सगळ्यात अवघड!

उन्हाळ्यात सराव पहाटेच. डांबर तापलं की पंजे पोळतात.