सहा की सात?

गुरुवारी डेटाबेससाठी लिहिलेली माझी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, नोंद परत आली. शेरा एवढाच: '६ नाही, ७.'

डोकंच फिरलं. सिकलसेल मला शिकवणार? एमएस्सीच्या काळात धडगाव-अक्कलकुव्याच्या किती शिबिरांत मी रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवली आहेत! हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनात, अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे आमच्या जळगावच्या विद्यापीठातली पोरं झोपेतही सांगतील.

जिनिव्हात आमचा छोटा गट रक्त, लघवी, लाळ, अश्रू असल्या द्रवांत सापडणारी प्रथिनं आणि त्यांचे आजारांशी संबंध एका डेटाबेसमध्ये नोंदवतो. आईला हे सांगितलं तर शिरपूरहून फोनवर म्हणाली, "काय रे भाऊ, तठे जाईसन मुतना हिशोब ठेवस का तू?" मी तिला बेन्स जोन्स नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १८४५ साली लंडनमध्ये त्याच्याकडे एका रुग्णाची लघवी तपासायला आली. गरम केली की साका धरायचा, उकळली की विरघळायचा, गार केली की पुन्हा धरायचा. तो साका म्हणजे एक प्रथिन, आणि अस्थिमज्जेच्या कर्करोगाची ती खूण निघाली. आईने ऐकून घेतलं आणि जेवलास का विचारलं.

तर सात. शेरा मारणाऱ्या बाई कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, पेशी प्रथिन बनवायला घेते ते मेथिओनिन या अमिनो आम्लापासून. पुढे ते कापलं जातं, पण डेटाबेसमध्ये मोजणी त्याच्यापासूनच. म्हणजे पहिला पाहुणा पंगतीतून उठून गेला तरी त्याचं पान मोजायचं! मी वाद घातला. जुने सगळे लेख सहाच म्हणतात, लोक शोधणार कसे? त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या हिमोग्लोबिनच्या सगळ्या जुन्या नोंदी त्यांनी रात्री थांबून तपासलेल्या, आणि प्रत्येकीत दोन्ही आकडे. मी त्या दिवशी साडेपाचलाच घरी गेलो होतो.

ही माणसं प्रत्येक गोष्ट विचारतात. नमुना प्लाझ्मा की सिरम? (प्लाझ्मा म्हणजे न गोठलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरलेलं पाणी; सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेलं पाणी, त्यात रक्त गोठवणारं प्रथिन फायब्रिनोजन जवळपास नसतंच, दूध फाटल्यावरच्या पाण्यासारखं.) रुग्ण किती? प्रथिन वाढलं की घटलं? मोजलं कशाने? आजारामुळे बदललं, की नुसतं आजारासोबत दिसलं? या शेवटच्या प्रश्नावर माझ्या निम्म्या नोंदी अडकतात. आणि शिबिरांत आम्ही? एकाच पाड्यावरच्या तीन पोरींचं नाव एक, नळीवर बॉलपेनने लिहिलेलं, बर्फ वितळला की नाव गेलं.

पण मग वाटतं, तोरणमाळच्या घाटात जीप बंद पडल्यावर यांनीही बर्फ सांभाळून दाखवावा. वीज नाही, फ्रीज नाही, आणि संध्याकाळपर्यंत नमुने जिल्ह्याला पोचवायचे. आम्ही पोचवले. सगळे नाही, पण पोचवले.

आता माझ्याकडे नोंदवायला हॅप्टोग्लोबिन हे रक्तातलं प्रथिन आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटतात, मोकळं हिमोग्लोबिन प्लाझ्मात सांडतं, हॅप्टोग्लोबिन त्याला धरून यकृताकडे नेतं आणि स्वतःही संपत जातं. म्हणून: प्लाझ्मा, घट. 'रुग्ण कुठले' या रकान्यात सातपुडा लिहायला हात शिवशिवतो. पण छापील लेखाशिवाय काही चालत नाही, आणि आमचे आकडे आहेत शिरपूरच्या घरी, पेटीतल्या वहीत.

आईला वही काढायला लावली. म्हणाली, कोपरा उंदरांनी खाल्लाय, बाकी अक्षर वाचता येतंय.