कांद्याची पात निळी का झाली नाही?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि सगळ्यांनी सहल, गॅदरिंग आणि छड्या हे विषय आधीच पळवले, म्हणून मी आपला जीवशास्त्राच्या प्रयोगांवर लिहितो. आपली शाळा निफाड तालुक्यातली, त्यामुळे प्रयोगाला कांदा फुकट. पापुद्रा काढायचा, सॅफ्रानिन या लाल रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि मायक्रोस्कोप एकच, तोही खिडकीशी कारण आरशावर उजेड घ्यावा लागायचा, म्हणून ही भली मोठी रांग. पुस्तकात विटा रचल्यासारख्या पेशी आणि निम्म्या वर्गाला दिसायचे काळ्या कडेचे गोल, म्हणजे हवेचे बुडबुडे! बाई म्हणायच्या, "दिसलं ते काढ रे, काय आहे ते मग बघू." गाइडवरून आकृती उतरवलेली दिसली की मात्र जर्नल परत.

पण खरी मजा स्टार्चच्या, म्हणजे पानात साठणाऱ्या पिष्टाच्या प्रयोगात. जास्वंदीची कुंडी आधी अंधारात ठेवायची, पानातला साठा संपावा म्हणून, मग पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात. नंतर पान पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये, आणि स्पिरिट थेट ज्योतीवर नाही हां, गरम पाण्याच्या भांड्यात, नाहीतर भडकतं. हिरवा रंग उतरून पान पांढुरकं झालं की धुऊन त्यावर आयोडीन. पट्टीखालचा भाग पिवळट, बाकी निळंकाळं, म्हणजे उजेड मिळाला तिथेच स्टार्च.

तर एकाने घरच्या शेतातली पात आणली, म्हणे हिची पण टेस्ट करू. केली. हिरवीगार, उन्हात वाढलेली पात, पण निळी काही होईना. आम्ही म्हटलं आयोडीन जुनं असणार. बाईंनी तेच आयोडीन बटाट्याच्या फोडीवर टाकलं, ती लगेच काळी. मग पातीत प्रकाशसंश्लेषण होतच नाही का? आणि होत नसेल तर खाली कांदा पोसतो कशावर? बाईंनी उत्तर दिलं नाही, नुसत्या हसल्या आणि सुट्टीतही आमचं तेच चालू. शेवटी त्यांनीच सांगितलं की कांदा पानात स्टार्च साठवतच नाही, तयार झालेलं अन्न साखरेच्या रूपात ठेवतो. म्हणजे आयोडीन फक्त स्टार्च दाखवतं, प्रकाशसंश्लेषण झालं हा अंदाज आपण त्यावरून करतो. हे गाइडमध्ये कुठे होतं सांगा! पुस्तकातलं उत्तर जिथे अडतं तिथेच पोरं विचार करायला लागतात हे बाईंना पक्कं माहीत होतं, असं मला आता वाटतं.

माझी मुलगी आता नववीत आहे, शहरातल्या चकाचक शाळेत. प्रयोग स्क्रीनवर दाखवतात, निरीक्षण आणि निष्कर्ष डिक्टेट करतात, पान दरवेळी निळं होतं. दिवाळीत गावी आलो तेव्हा तिला पात, स्पिरिट आणि मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन घेऊन बसवलं, आईच्या ओट्यावर डाग पडले ते वेगळं.

आपल्या बॅचने शाळेला मायक्रोस्कोप द्यायचं ठरलंय. मुख्याध्यापक सरांना एवढीच विनंती, ते कुलपात ठेवू नका, एखादा फुटला तर आम्ही भरून देऊ.