खडीनं मला आठ महिने पाणी पाजलं

परसात एकाच पाण्यावर मासे आणि भाज्या वाढवायच्या, हे डोक्यात शिरलं तेव्हा वाटलं होतं की अवघड काम माशांचं असणार. मासे मरतील, पंप बंद पडेल, मांजर टाकीवर ठाण मांडून बसेल. यातलं थोडंफार झालंही. पण जिनं खरं छळलं, तिच्यात बोटं खुपसून मी रोज रोपं लावत होते आणि तिच्यावर एकदाही संशय घेतला नव्हता. ती म्हणजे वाफ्यातली खडी.

मांडणी साधी होती. ५०० लिटरची माशांची टाकी आणि तिच्या वरच्या अंगाला ३० सेंटिमीटर खोलीचे, २५० लिटरचे दोन वाफे. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो, ते खडीतून झिरपतं आणि सायफनमधून परत टाकीत पडतं. मासे अमोनिया सोडतात, बराचसा कल्ल्यांतून. खडीवर वस्ती केलेले जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरं झाडांचं जेवण. कागदावर इतकं देखणं चक्र की मी त्याचं चित्र काढून भिंतीला लावलं होतं.

बेल सायफननं मात्र पहिले दहा दिवस खाल्ले. उभा पाइप, त्यावर उपडी घातलेली टोपीवाली नळी, बस्स. पाणी वरच्या कडेला पोचलं की एकदम ओढ लागून वाफा रिकामा व्हायला हवा. माझ्याकडे ओढ लागतच नव्हती. जेवढं पाणी येई तेवढंच कडेवरून निवांत ओघळे आणि वाफा कायम तुडुंब. शेवटी उभ्या पाइपच्या तोंडाला फनेलसारखं रुंद तोंड बसवलं, खाली एक एल्बो जोडला, आणि भसकन आवाज करत वाफा रिकामा झाला. मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाफे एकाच वेळी भरले आणि टाकीची पातळी सुमारे दीडशे लिटरनं खाली गेली, तेव्हा टाळ्या थांबल्या. अजूनही कधीमधी तसं होतं. म्हणून टाकी काठोकाठ ठेवते आणि पंप तळाला टेकवत नाही. पाइप कुठे निखळलाच तरी तळाशी माशांपुरतं पाणी उरलं पाहिजे.

आता खडीकडे येते. चुनखडीचा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे हे सांगणारा आकडा (सात म्हणजे मधोमध), वर चढवतो, हे मी वाचलं होतं. तपासायची रीतही माहीत होती: दगडावर व्हिनेगर टाकायचं, बुडबुडे आले तर ती खडी नको. मी ही परीक्षा घेतली होती, अगदी मन लावून. ढिगातले पाच काळे, गुळगुळीत दगड निवडले, धुतले, वाटीत ठेवून व्हिनेगर ओतलं. एक बुडबुडा आला नाही. मग घमेल्यांनी सगळा ढीग वाफ्यांत. त्याच ढिगात जागोजाग पांढुरके तुकडेही होते. त्यांच्याकडे लक्ष गेलं, पण ते घाणेरडे दिसले म्हणून परीक्षेला घेतले नाहीत!

मासे सोडण्याआधी जिवाणूंची वस्ती बसवायला थेंबाथेंबानं अमोनिया घालत गेले, पाण्यात २ ते ३ पीपीएम (लिटरमागे तितके मिलिग्रॅम) राहील इतका. पहिला आठवडा काहीच हललं नाही. दहाव्या दिवशी नायट्राइट तपासायची नळी जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट वाढलं, आणि पुढचे पंधरा दिवस जांभळीच राहिली. पाचव्या आठवड्यात एके सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लालभडक. पीएच मात्र ८.२. या जिवाणूंना सातच्या वरचं पाणी मानवतं, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसलं, आणि तिथेच मी गाफील राहिले.

मग तिलापिया माशाची वीस बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि सोडली. लेट्यूस, पालक, पुदिना लावला.

या धंद्यात सगळे जण सांगतात की पीएच ६.८ ते ७ च्या आसपास ठेवा. माशांना थोडा जास्त चालतो, जिवाणूंना जास्तच आवडतो, झाडांना मात्र कमी हवा असतो, म्हणून हा मधला तोडगा. माझा ८.२ होता, तेव्हा मी फॉस्फोरिक आम्ल आणलं. हातमोजे, चष्मा घालून, बादलीभर पाण्यात मिसळून हळूहळू ओतलं. संध्याकाळी ७.१. रात्री छान झोप लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी ८.०. पुन्हा ओतलं. पुन्हा ७.१, पुन्हा ८. वहीत महिन्याभराचे आकडे बघितले तर करवतीचे दाते दिसत होते. आज कळतं की मी आम्ल ओतत होते आणि खडी ते पिऊन टाकत होती. वर प्रत्येक घोटासरशी आणखी विरघळून पाणी अधिक जड करत होती. तेव्हा मात्र मला वाटायचं की डोस कमी पडतोय.

त्या हेलकाव्यांत चार मासे गेले. पाण्याचा पीएच जरा चढा असला तरी मासे त्याला सरावतात, पण दर तीन दिवसांनी एक अंकाची उडी त्यांना सोसत नाही. मी त्यांना बरं करायच्या नादात मारत होते.

अमोनियाचीही हीच कथा. एकदा घरात पाहुणे होते आणि माझ्या मुलीनं प्रत्येकाला माशांना खाद्य टाकायला दिलं. रात्री अमोनिया १ पीपीएम. पीएच ७ असता तर एवढी धांदल उडाली नसती, कारण तिथे बहुतेक अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पीएच ८ झाला की विषारी रूपाचा वाटा साधारण दहापट होतो, आणि नळीतल्या रंगात हा फरक दिसत नाही, ती दोन्हींची बेरीज दाखवते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडीमिटी करू लागले. दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून क्लोरीन उडालेलं पाणी हाताशी होतं, ते घालून एक तृतीयांश पाणी बदललं, हवेचे बुडबुडे सोडणारा दुसरा एअरस्टोन टाकीत सोडला, तीन दिवस खाद्य बंद. तेव्हापासून नियम: पाच मिनिटांत संपेल तेवढंच, आणि टाकणारा माणूस एकच. मुलगी अजून म्हणते, "आई, तू माझ्या हातून डबा काढून घेतलास." घेतलाच.

भाज्यांचं रडगाणं वेगळं. लेट्यूसची कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं पिवळी पडली असती तर नत्र कमी समजले असते, पण नायट्रेट तर ८० होतं. कोवळ्या पानांवर असं जाळं उमटलं की लोह कमी. माशांच्या खाद्यातून लोह पुरेसं येत नाही, वरून द्यावं लागतं. दिलं. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं), पाणी जरा लालसर दिसेपर्यंत. पंधरा दिवसांत काहीच फरक नाही. कारण त्या प्रकारचं लोह इतक्या चढ्या पीएचला टिकत नाही, झाडाच्या हाती लागायच्या आत गाळ होऊन बसतं. म्हणजे हे दुखणंही तिथलंच. मी मात्र तीन वेगवेगळे आजार समजून तीन वेगवेगळी औषधं करत होते. त्यातच मावा पडला. त्यावर काही फवारायची सोय नाही; साबणाचं पाणीसुद्धा वाफ्यातून थेट कल्ल्यांत जातं. पाण्याचा फवारा मारून मावा उडवायचा आणि जास्त बिघडलेलं पान खुडायचं, एवढंच हातात.

आठव्या महिन्यात एका सकाळी स्वयंपाकघरात काचेची किटली साफ करत होते. तळाशी क्षारांचा पांढरा थर बसला होता. व्हिनेगर टाकलं आणि तो थर फसफसून उठला. मी बघत राहिले. मग व्हिनेगरची बाटली घेऊन तशीच परसात गेले, वाफ्यातला एक पांढुरका तुकडा उचलला आणि त्यावर धार धरली. किटली काय फसफसेल असा फसफसला. दुसरा उचलला, तोही. नवरा बाहेर आला तेव्हा मी वाफ्याच्या कडेला बसून दगड आंघोळीला घातल्यासारखी एकेक तपासत होते. त्यानं विचारलं, "बरं वाटतंय ना?"

चौथा-पाचवा भाग तरी पांढुरके तुकडे होते. निवडून काढणं अशक्य. सगळी खडी बदलायची म्हणजे साधारण पाऊण टन वजन हलवायचं, आणि त्याहून मोठा घोर असा की जिवाणूंची सगळी वस्ती त्याच खडीवर. ती उपसली म्हणजे सोळा मासे पुन्हा अमोनियाच्या तोंडी. म्हणून एका वेळी एकच वाफा रिकामा केला. दुसरा चालू ठेवला, खाद्य निम्म्यावर आणलं, रोज अमोनिया तपासला. पन्नासेक घमेल्यांनंतर पाठीनं सांगितलं की पुढच्या वेळी हलकं काहीतरी आण. आणल्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या. धुताना तीन पाण्यांनी लाल गाळ निघाला, आणि पहिले काही दिवस वरच्या थरातल्या गोळ्या तरंगून रोपांना आडवं पाडत होत्या, पण व्हिनेगरची परीक्षा त्यांनी चोख दिली. यावेळी वरून, मधून, तळातून, मूठमूठ काढून तपासल्या. सहा आठवड्यांनी, नव्या वाफ्यात जिवाणू बसल्यावर, दुसरा वाफा.

त्यानंतर मी आम्लाचा एक थेंब घातलेला नाही. पीएच आपणहून उतरू लागला: ७.८, ७.४, ७.१. जिवाणू अमोनियाचं रूपांतर करताना पाणी आम्लाकडे झुकवतातच. आजवर त्यांचं सगळं काम खडी पुसून टाकत होती. लोह यावेळी डीटीपीए प्रकारचं, ईडीटीएपेक्षा चढ्या पीएचला टिकणारं, दिलं आणि दहा दिवसांत नवी पानं हिरवी आली. वाफ्यातल्या मिरचीनं प्रथमच फूल धरलं.

पण उतरणारा पीएच थांबेना. ६.८ झाला, मग ६.५. सहाच्या जवळ गेला तर जिवाणू मंदावतात, म्हणजे आता मला तो वर चढवायचा होता. पोटॅशियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीनं घालते, झाडांना पोटॅशही मिळतं. आणि कॅल्शियमसाठी? कोपऱ्यात उपसलेल्या खडीचा ढीग पडलाच होता. त्यातले मूठभर पांढरे तुकडे निवडले, जाळीच्या पिशवीत भरले आणि सायफनचं पाणी टाकीत पडतं तिथे टांगले. पीएच ६.५ ला आला की पिशवी पाण्यात, ६.९ झाला की बाहेर. पिशवी आत-बाहेर करायचं काम मुलीकडे दिलंय. खाद्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे.