लोणारचे वय नेमके किती?

लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहून भाच्याने विचारले, "मामा, हे किती जुनं आहे?" सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या गोल खड्ड्याकडे पाहत मी लगेच "बावन्न हजार वर्षं" असे ठोकून दिले, कारण हाच आकडा मी वर्षानुवर्षे वाचत आलो होतो. घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आले की २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत हे वय सुमारे ५,७०,००० वर्षे आले आहे, म्हणजे माझ्या उत्तराच्या जवळजवळ अकरा पट.

खडकाचे वय सांगताना मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू होते, हे आधी ठरवावे लागते. लोणारच्या काठावरचा काळा बेसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा आहे. उल्केच्या आघाताने त्याचा काही भाग पुन्हा वितळला आणि त्याचे काचेसारखे तुकडे झाले. विवराचे वय शोधायचे तर तपासायचे ते हे तुकडे, कारण त्यांच्यातले घड्याळ आघाताच्या क्षणी शून्यावर आले असावे, अशी अपेक्षा असते.

बावन्न हजारांचा आकडा तापदीप्तीच्या पद्धतीने मिळाला होता. नैसर्गिक किरणोत्सारामुळे खनिजांत इलेक्ट्रॉन अडकत राहतात आणि पदार्थ तापवला की ते प्रकाश देऊन सुटतात. त्या प्रकाशावरून मधला काळ काढतात. अडकलेले इलेक्ट्रॉन मधल्या काळात गळून गेले, किंवा अडकण्याच्या जागाच भरून गेल्या, तर वय कमी येते. तळ्याच्या गाळातील कार्बन-१४ (सजीवांच्या अवशेषांतला किरणोत्सारी कार्बन) इथे फारसा कामाचा नाही: त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षे असल्याने पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे जवळजवळ काही उरत नाही, आणि गाळ तर विवरानंतरच साचलेला.

नवा आकडा अरगॉनचा आहे. खडकातल्या पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराचा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याच्या विघटित होणाऱ्या साधारण दहातल्या एका अणूचे अरगॉन वायूत रूपांतर होते. वितळलेल्या खडकातून हा वायू निसटतो आणि खडक थिजल्यावर आत साचू लागतो. लोणारची अडचण अशी की वितळलेला खडक झटकन थिजला, त्यामुळे साडेसहा कोटी वर्षांचे थोडे जुने अरगॉन आतच राहिले असण्याची शक्यता असते, आणि त्या जुन्या साठ्यापुढे पाच-सहा लाख वर्षांत तयार झालेले नवे अरगॉन अगदीच चिमूटभर. म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात, प्रत्येक टप्प्यात सुटलेल्या वायूतील समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण पाहतात आणि त्यावरून जुना वाटा वेगळा काढतात. हा वाटा वजा करण्याची सोय असल्यामुळे मला अरगॉनचा आकडा अधिक भरवशाचा वाटतो.

हे सगळे मी भाच्याला फोनवर सांगितले आणि नव्या मोजणीत ४७,००० वर्षे इकडे किंवा तिकडे इतकी चूक गृहीत धरलेली आहे, हेही सांगितले. तो जरा थांबून म्हणाला, "म्हणजे मामा, तू सांगितलेलं अख्खं वय जवळजवळ त्यांच्या चुकीतच मावतं की!"