गादीच्या दुकानातून सुरू झालेली आमची वाटचाल

आज आम्ही हॉल-खोल्यांमधला घुमणारा आवाज आटोक्यात आणायची कामं करतो, पण सुरुवात झाली ती मिरजेतल्या आमच्या गाद्यांच्या दुकानात. आजोबांनी कापूस पिंजायचं मशीन घातलं, अण्णांनी त्याला पडदे आणि सोफ्याच्या कव्हरांची जोड दिली. दुकान अरुंद, तिन्ही बाजूंनी छतापर्यंत गाद्या, लोड, तक्के रचलेले. तंबोरे बनवणारे एक बुजुर्ग कारागीर गवसणीचं कापड न्यायला यायचे. आत पाऊल टाकलं की म्हणायचे, "अण्णा, तुमच्या दुकानात आवाज मरतो हो." लहानपणी मला तो दुकानाचा कमीपणा वाटायचा.

पंधराएक वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाच्या पडद्यांचं काम घेतलं. माप घेताना मालक म्हणाले, "तीन वेळा स्पीकर बदलले, पण भटजींचा आवाज नुसता ऐकू येतो, शब्द कळत नाहीत." मी टाळी वाजवून बघितली. टाळी संपली, आवाज संपेना. शंभर बाय साठचा हॉल, उंची वीस फूट, खाली ग्रॅनाइट, भिंतींना गिलाव्यावर ऑइलपेंट, वर सपाट स्लॅब. अशा कडक, गुळगुळीत पृष्ठभागात आवाजाचा शंभरातला दोन-तीन हिस्साच मुरतो. बाकीचा कॅरमच्या स्ट्रायकरसारखा, ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. एवढ्या हॉलमध्ये सेकंदभरात त्याच्या चाळीसेक धडका होतात आणि दर धडकेला थोडाच खर्च होतो. 'शुभमंगल' अजून हवेत घुमत असतानाच 'सावधान' त्याच्या अंगावर येऊन पडतं. स्पीकर महागातला लावला तर गोंधळही महागातला होतो, एवढंच.

भिंतींना जाड, दुपदरी, भरपूर चुण्यांचे पडदे लावले. थोडा फरक पडला, पण का पडला आणि आणखी का पडला नाही, ते मला सांगता येईना. आमच्याकडे गाद्या भरून नेणारे एक फिजिक्सचे सर होते. त्यांना विचारलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, या शास्त्राची सुरुवातच गाद्यांपासून आहे."

गोष्ट खरी आहे. 1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. रिकाम्या सभागृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत होता. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. त्या थोड्या थोड्या मांडत जायचा, ऑर्गनच्या नळीचा सूर थांबल्यावर तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला 0.161 नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले त्यात मुरणारा हिस्सा, या सगळ्यांची बेरीज) भागा, घुमण्याचे सेकंद मिळतात. पुढं 1900 मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलला त्यानंच सल्ला दिला. मला या सगळ्यात रात्री गाद्या वाहणारा माणूसच जास्त जवळचा वाटला. ते काम मी लहानपणापासून करत होतो.

मंगल कार्यालयाचा हिशोब पुन्हा मांडला. रिकामा हॉल सहा सेकंदांच्या वर घुमत होता. चारशे माणसं बसली की दोनाच्या आसपास, कारण माणूस म्हणजे कपडे घातलेली गादीच. पण लग्नात माणसं जेवायच्या हॉलकडे सरकतात आणि घुमणं परत वाढतं. आम्ही छताच्या साडेतीन हजार चौरस फुटांना, स्लॅबपासून खाली अंतर सोडून, कापडात गुंडाळलेली रॉकवूलची, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीची, पॅनल्स टांगली. हॉल रिकामा असतानाही दीड-पावणेदोन सेकंद. पडदे शिवणारे आम्ही त्या दिवसापासून 'साउंडवाले' झालो.

अंतर का सोडलं हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. भिंतीला चिकटून हवा हलत नाही, ती हलते भिंतीपासून पुढं, पाव तरंगलांबीवर (एका तरंगाच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या अंतरावर) सगळ्यात जास्त. हलत्या हवेची तंतूंमधून घसट झाली तरच आवाजाची उष्णता होते आणि तो मुरतो. सेकंदाला हजार कंपनांचा, म्हणजे 1000 हर्ट्‌झचा तरंग 34 सेंटिमीटरचा, त्याला दोन-तीन इंच पुरतात. 100 हर्ट्‌झचा तरंग जवळजवळ साडेतीन मीटरचा. त्याला इंचभर फोम म्हणजे हत्तीला काटक्यांचं कुंपण. अंड्यांचे ट्रे तर त्याहून वाईट, तेही पेटणारे. साधा पीयू फोम (पॉलियुरेथेनचा स्पंज) आम्ही कुठल्याच हॉलला लावत नाही, काम गेलं तरी चालेल.

सगळंच जमलं असं नाही. दुसऱ्या एका हॉलच्या मालकांची तक्रार वेगळी होती: रात्री दहाच्या आत बँड थांबवला तरी शेजारी भांडायला येतात. मी आत्मविश्वासानं आतल्या भिंतींना ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) लावून दिलं. आत छान झालं, शेजाऱ्यांकडे काडीचा फरक नाही. आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तेव्हा उमगलं. अडवायला लागतं वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी हिशोबानं सहाच डेसिबल कमी होतात, आणि दाराखाली बोटभर फट राहिली तर तेही वाया. हवा जिथून जाते तिथून आवाज जातो. ते पैसे मी परत केले आणि नंतर दुहेरी दारं, रबरी पट्ट्या, खिडक्यांना दुहेरी काच असं पुन्हा केलं. त्या कामात नफा शून्य.

नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना विजापूरला गोल घुमट दाखवायला नेतो. वरच्या सज्जात एकानं भिंतीशी कुजबुजायचं, समोरच्यानं पार पलीकडे ऐकायचं. वळणाची भिंत आवाजाला हाताशी धरून फिरवते. हे एकदा कानानं ऐकलं की घुमटाकार पीओपी सीलिंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते का नको हे ती मुलं स्वतःच समजावतात.

सगळ्यात अवघड काम निघालं एका गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीचं. माझा हात तोवर बसला होता, त्यामुळं जास्तच केलं. चारही भिंती, छत, खाली गालिचा. बाईंनी तंबोरा लावला, षड्‌ज लावला आणि थांबल्या. "सुंदर दिसतंय. पण स्वर परत येत नाही हो. गळा ताणावा लागतोय." अण्णांच्या दुकानाचीच खोली मी तिथं करून ठेवली होती. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज भिंतीकडून थोडा परत लागतो. दुसऱ्या दिवशी निम्मी पॅनल्स काढली. समोरच्या भिंतीला त्यांचंच पुस्तकांचं कपाट सरकवलं. पुस्तकं कमी-जास्त खोल ठेवली, म्हणजे आवाज एकदम न परतता विखरून परतेल. बाईंनी पुन्हा स्वर लावला आणि या वेळी थांबल्या नाहीत, मलाच उठून यावं लागलं.

काढलेली अकरा पॅनल्स आता आमच्या ऑफिसात लागलेली आहेत. फोनवर पलीकडचा माणूस हमखास विचारतो, "दादा, गाडीत बसलायत का?"