तुम्ही विचारलंत म्हणून: चार रात्री बोटीवर

“चार-पाच दिवस बोटीवरच राहून डायव्हिंग करायचंय. कुठली बोट घेऊ? बुकिंग कसं करतात?” ऑफिसात, लग्नकार्यात, तारकर्लीला माझ्याबरोबर डायव्हिंग शिकलेल्या मंडळींच्या फोनवर, हा प्रश्न मला हल्ली सतत येतो. दर वेळी घाईत अर्धमुर्धं सांगून होतं आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी जे सांगणार आहे ते थायलंडच्या सिमिलन बेटांबद्दल. तिथे मी दोनदा गेले आहे आणि आपल्याकडून पहिल्यांदा अशा सफरीला जाणाऱ्यासाठी ती जागा मला सगळ्यात सोयीची वाटते. मुंबईहून फुकेतला विमानाने जायचं, विमानतळावरून गाडीने तास-सव्वा तासात खाओ लाक हे किनाऱ्यावरचं गाव, आणि संध्याकाळी थाप लामूच्या धक्क्यावरून बोटीत. सिमिलन हे नाव मलय भाषेतल्या ‘सेंबिलान’, म्हणजे नऊ, या शब्दावरून आलं, मूळची नऊ बेटं. १९८२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. बेटांवर मुक्काम करायला २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे सकाळी उठून पाण्यात उतरायचं तर झोपायचंही पाण्यावरच. स्पीडबोटीने एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग दोन डाइव्ह आणि सगळा दिवस हेलकाव्यात. बोटीवर राहिलं की चार दिवसांत चौदाच्या आसपास डाइव्ह होतात. शिवाय उत्तरेला को बॉन, को ताचाई ही बेटं आणि सुरिन बेटांजवळचा रिचेल्यू रॉक हा खडक एकाच फेरीत पाहून होतात.

आता तारखा. उद्यान साधारण १५ ऑक्टोबर ते १५ मे उघडं असतं. नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याआधी अंदमान समुद्रावर पोचतो, त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं मनात असेल तर ते सोडून द्या. दिवाळीची सुट्टी चालते, पण तेव्हा हंगाम नुकताच उघडलेला असतो आणि समुद्र पुरता निवळलेला नसतो. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च. मांटा रे (पंख पसरल्यासारखा मोठा चपटा मासा) आणि व्हेल शार्क दिसायची शक्यताही तेव्हाच जास्त. नाताळ, चिनी नववर्ष आणि एप्रिलच्या मध्यातलं थाई नववर्ष सोंगक्रान हे दिवस टाळा. बोटी भरलेल्या असतात आणि एकेका खडकावर चार-चार बोटींची माणसं उतरतात.

महिना ठरला की भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिथी बघा. मालवणच्या एका तांडेलकाकांनी मला हे शिकवलं. “चेडवा, भांगाक पाण्याक जोर नसता,” असं ते म्हणाले होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी. पाण्याची ही चाल मालवणात जशी, तशीच अंदमान समुद्रातही. तुमच्या खात्यावर वीस-पंचवीसच डाइव्ह असतील तर भांगाच्या आसपासची फेरी धरा. पहिल्या खेपेला मला हे सुचलं नव्हतं. बोट पौर्णिमेच्या दिवसांत निघाली आणि को बॉनच्या कड्यावर मी अर्धा डाइव्ह एका खडकाला धरून काढला. त्यात खालून थंड पाण्याचा हिरवट थर वर आला. तिथे असं होतं. समुद्राच्या पोटातून मोठ्या लाटा येतात आणि काही मिनिटांत पाणी चार-पाच अंशांनी गार पडतं. अनुभवी डायव्हर मुद्दाम त्या दिवसांत जातात, कारण अशा पाण्यात खाद्य असतं आणि त्यामागे मांटा येतात. नवख्याने घाई करू नये.

अनुभवाचं विचारता तेही स्पष्टच सांगते. डायव्हिंगच्या पहिल्या, म्हणजे ओपन वॉटर, प्रमाणपत्रावर १८ मीटर खोल जाता येतं, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डवर ३० पर्यंत. रिचेल्यू रॉकसारख्या जागी ॲडव्हान्स्ड असलेलं बरं, आणि बऱ्याच बोटी ते मागतातच. पण प्रमाणपत्रापेक्षा पाण्यातली सवय मोठी. मालवणला पाच मीटरपर्यंत दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. तिथे, मुर्डेश्वरच्या नेत्राणीला, अंदमानात असे पंधरा-वीस डाइव्ह करा आणि मग जा. सिंधुदुर्गाजवळ एकदा कुणाचा तरी हात धरून खाली जाऊन आलात, तर ती डायव्हिंगची तोंडओळख झाली. तेवढ्यावर या सफरीला निघू नका.

विमानाचं तिकीट बोटीआधी काढू नका. ही चूक मी केली आहे. स्वस्त मिळालं म्हणून परतीचं तिकीट बोट लागते त्याच रात्रीचं घेतलं. अनेक दिवस, अनेक डाइव्ह केल्यावर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. बोटीवरच्या प्रमुखाने माझं तिकीट पाहिलं आणि शेवटचा पूर्ण दिवस मला वर बसवलं. त्याचं बरोबरच होतं. बाकीचे उड्या मारत होते, मी टॉवेल घड्या करत होते. तेव्हापासून परतीच्या आधी मी एक अख्खा दिवस मोकळा ठेवते. जातानाही आदल्या दिवशी पोचते. बॅग मागे राहिली, विमान उशिरा आलं, तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही.

पैशांचं थोडक्यात. एकट्याने जात असाल तर दोघांच्या केबिनमधला एक बेड घेता येतो, पूर्ण केबिन घ्यायची गरज नसते. जाहिरातीतल्या आकड्यात बहुतेक वेळा उद्यानाचं शुल्क, भाड्याची साधनं आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली टाकीतली हवा) नसतं. हे सगळं धरून एकूण किती, ते लेखी मागा आणि मगच दोन बोटींची तुलना करा. रद्द केल्यास किती परत मिळतं, तेही त्याच पत्रात विचारा. विमा मात्र वेगळा आणि डायव्हिंगचाच काढा. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा बरेचदा वगळलेलं असतं, किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. काही झालंच तर फुकेतला दाबाच्या चेंबरमध्ये उपचारांची सोय आहे, पण तो खर्च साधा नसतो. दमा, कान, रक्तदाब यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचं पत्र निघण्याआधी घ्या. धक्क्यावर उभं राहून फॉर्म भरताना ते आठवून उपयोग नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा आणि “जे” हा थाई शब्द वापरा. नुसतं भाजी चालेल म्हटलं तर भाजी येते, पण तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, असतो. माझी मैत्रीण मेतकूट घेऊन आली होती. पहाटेच्या डाइव्हनंतर वाफाळता भात, त्यावर मेतकूट, समोर सिमिलनचे गोल गोल ग्रॅनाइटचे धोंडे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मावशी स्वतःच वाटी पुढे करून मागायला लागल्या.

आता मूळ प्रश्न, बोट कुठली. मी नाव सांगत नाही. बोटी हात बदलतात, माणसं बदलतात, आज चांगली असलेली दोन वर्षांनी तशी राहीलच असं नाही. त्यापेक्षा पैसे भरण्याआधी काय विचारायचं ते सांगते.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंगच्या बोटीला आग लागली. ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी, असे ३४ जण खालच्या डेकवर अडकले आणि गेले. त्यांत विदर्भातली एक तरुणीही होती. खालून वर यायला दोन वाटा होत्या, एक जिना आणि एक बंकवरची झडप. दोन्ही वर एकाच दालनात उघडत होत्या आणि आग त्याच दालनात होती. रात्री कुणीतरी जागं राहून बोटीवर फिरतं राहणं बंधनकारक होतं. त्या रात्री सगळे झोपले होते. आगीचं नेमकं कारण ठरलं नाही, पण त्या दालनात रात्रभर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असत. कप्तानाला २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

हे वाचल्यापासून बोटीचे फोटो मी सगळ्यात शेवटी बघते. आधी पत्र पाठवते. रात्री पहाऱ्याला कोण असतं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? माझ्या केबिनमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे उघडतो? टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, तिथे रात्री कुणी असतं का? ऑक्सिजनची सोय किती जणांसाठी, किती वेळ पुरेल एवढी आहे? एका गाइडमागे पाण्यात किती जण? एका ठिकाणाहून मला उत्तर आलं, “काळजी करू नका मॅडम, आमची बोट एकदम सुरक्षित आहे.” एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. ती बोट मी घेतली नाही. दुसऱ्या ठिकाणाहून पाच ओळींची पाच उत्तरं आली, खाली बोटीचा आराखडा, त्यावर लाल पेनाने झडपेभोवती गोल. पैसे तिथे भरले. ती बोट जुनी होती, केबिनला खिडकी नव्हती, बाथरूम सहा जणांत एक.

तरीही चढल्या चढल्या स्वतः बघायचं. मी बंकवर गुडघ्यांवर बसून डोक्यावरची फळी दोन्ही हातांनी ढकलली. जराशी उचलली गेली आणि अडली. वर कुणीतरी लाइफ जॅकेटचा ढीग रचून ठेवला होता. मी गाइडला बोलावलं. त्याने वर जाऊन तो ढीग हलवला, मग खाली येऊन मला म्हणाला, आता परत ढकला. ढकलली. फळी सरळ वर गेली, भोकातून डेकवरचा दिवा दिसला आणि डिझेल-मिठाचा वास खाली आला. मग त्याने आपणहून बाकीच्या सगळ्या केबिनमधल्या झडपा उघडून बघितल्या. सोबतच्या जर्मन आजोबांनी स्वतःची दोनदा उघडली.

तुम्ही जाल तेव्हा हे करायला लाजू नका. कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या.

उलटीची गोळी घेणार असाल तर ती घरी एकदा घेऊन बघा, काहींना फार झोप येते आणि झोपेच्या गुंगीत पाण्यात उतरायचं नसतं. केबिन निवडता आली तर बोटीच्या मधली, खालची निवडा, तिथे हेलकावे कमी लागतात. स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि पाण्यावर उभा राहणारा लांबट फुगा एवढं तरी स्वतःचं असू द्या, बाकी सगळं भाड्याने चालतं.

आणि रिचेल्यू रॉक. घोड्याच्या नालेसारखा चुनखडीचा खडक, ओहोटीला जेमतेम टोक वर, खाली साधारण पस्तीस मीटरपर्यंत. सगळा जांभळ्या मऊ प्रवाळाने मढलेला. लोक तिथे मोठं काही येईल म्हणून निळ्या पाण्याकडे बघत राहतात. मला गाइडने मागे वळवलं आणि पॉइंटरने एक फांदी दाखवली. मला फांदीच दिसली. त्याने पॉइंटर तिथेच धरला. हळूहळू त्या फांदीला डोळा फुटला, मग लांबट तोंड, मग पोटाशी पंख्यासारखे मिटलेले पर. घोस्ट पाइपफिश, माझ्या करंगळीएवढी, डोकं खाली करून प्रवाहाबरोबर डुलत होती. आम्ही दोघं तिथे हवा पुरेल तितका वेळ थांबलो.

त्या रात्री दोनच्या सुमाराला तहान लागली म्हणून वर आले. बोट नांगरावर होती, जनरेटर गुरगुरत होता. चार्जिंगच्या टेबलाशी सारोंग नेसलेला एक पोरगा टॉर्च घेऊन उभा होता. त्याने एकेका बॅटरीवर हात ठेवून बघितलं, एक काढून बाजूला ठेवली, वहीत वेळ लिहिली. मला बघून मान हलवली आणि चपला वाजवत पुढच्या डेककडे गेला. मी पाणी प्याले, खाली आले आणि झोपले. साडेपाचला घंटा होणार होती.